वरचा आयतवार

पहाटे निघालो तेव्हा दंव गळत होतं,
कलमांच्या पानांवरून शाळेच्या पत्र्यावर,
टप्, टप्, कुणी चिल्लर मोजून ठेवावी तसं.
शिगवणमामांनी मोहर हुंगला. म्हणाले,
"हवा धरली तर यंदा सगळं तुडतुडा खाणार."
आणि निळी पेटी खांद्याला अडकवली.
चार बर्फाच्या पिशव्या, एक बाटली.
रजिस्टरात उरलेलं एकच घर :
क्रमांक सत्तेचाळीस, ढेबेवाडा, बाळ एक, महिने आठ.

कारवीच्या रानात धुकं उतरलं,
असं, की मामांची चप्पल दिसायची, मामा नाही.
वाट संपली असं तीनदा वाटलं,
तीनदा ती करवंदीच्या जाळीमागून निघाली.
पलीकडच्या घळीत कुणीतरी खोकलं.
मी ओरडले, "कोण आहे?"
तिकडून आलं, "कोण?"
"डोंगर बोलतो असा पौषात," मामा म्हणाले,
आणि डोंगराशी काय बोलायचं, म्हणून
आम्ही चढत राहिलो.

सड्यावर आलो आणि ऊन.
एकदम, दार ढकलून आत आल्यासारखं.
स्वेटर कमरेला, कुसळं साडीच्या काठाला,
जांभा तव्यासारखा.
पेटी उघडून मी बाटली बघितली :
तिच्यावरचा चौकोन अजून पांढरा.
तो काळवंडला की औषध मेलं.
इतकं मन लावून मी देव्हाऱ्यातही बघत नाही.

वर दोन घरं, एक गोठा, भुंकून दमलेलं कुत्रं,
आणि दारात दोर वळत बसलेले राघू ढेबे.
"सून? ती गेली की खाली, पोराला घेऊन,
तुमच्याकडंच. आयतवारी डोस अस्तो ना?"
आयतवार काल झाला, बाबा.
त्यांनी आभाळाकडे बघितलं, मग म्हशींकडे.
"वर आमच्यात आज हाय."

मी हसले की काय केलं ते मामांना विचारा.
जर्मनच्या पेल्यातून ताक प्यायले
आणि तेवढ्यात खालचं धुकं फाटत गेलं.
आधी खाडी, मग समुद्र,
आणि अलीकडे माझी पाच गावं, वीस वर्षांची नोकरी,
तळहाताखाली झाकेल एवढी.
मी खरंच हात पुढे धरून बघितला.
दक्षिणेचं पाणी काळं पडत होतं.
वारा फिरला. मामा बोलेनात.
तीस कलमांचा हिशेब
त्यांच्या जबड्यात चालला होता.

उतरताना पाऊस. पौषात.
विरळ, जाड थेंब, एकेक ऐकू येणारा.
कातळ निसरडा झाला तशी
मी बसत बसत उतरले, पेटी मांडीवर घेऊन,
कुणाचं तरी लेकरू घ्यावं तशी.

घळीच्या तोंडाशी, ऐनाच्या बुंध्याला टेकून,
खताच्या पोत्याची खोळ पांघरलेली कांता ढेबे.
पदराखाली बाळ.
"शाळेला कुलूप व्हतं," ती म्हणाली.
राग नव्हता, नुसती माहिती.
सकाळी खोकलीस ती तूच का?
"मी नाय. ह्यो."
मग मी हाक मारली तर बोलली का नाहीस?
"बोल्ले की. तुमीच गप झालात."

छत्री नव्हती. मामांनी
बाळाच्या तोंडावर टोपी धरली.
दोन थेंब माझे.
बाकीचे कुणाचे, कोण मोजतो.
करंगळीच्या नखावर शाई लावली,
ती ओघळून तळव्यात गेली,
त्याने मूठ मिटली.

कांता वर निघाली. ढग तिच्या आधी पोचले होते.
मी पेटीवर रजिस्टर ठेवून तारीख घातली,
वाराचा रकाना रिकामा सोडला.
मामा बरेच पुढे, झाडांकडे बघत झपाझप.
वळणावरून त्यांनी हाक दिली, "बाई, चला!"
आणि मागून घळ म्हणाली, बाई.

मी वळून ओ दिली.